माझे मत बरोबर आले काय?

फेब्रुवारी-मार्च हे महिने उजाडले की महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळू लागतात. बारावीच्या परीक्षेचा हा हंगाम होय. पुणे विभागीय मंडळाच्या कक्षेत पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे येतात. त्यांपैकी ज्याला लोक पिढ्यान्‌पिढ्या नगर जिल्हा म्हणत आले आणि 2024 साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंतची मुले-मुली एकाच दिवशी, एकाच घटकेला, एकच प्रश्नपत्रिका सोडवितात. इतिहासाचा पेपर सुटला म्हणजे केंद्राच्या फाटकाबाहेर, लिंबाच्या सावलीत, एस.टी.च्या थांब्यावर त्यांचे घोळके जमतात आणि उत्तरांची पडताळणी सुरू होते. चुकीची जोडी तू कोणती ओळखलीस? रिकाम्या जागेत कोणाचे नाव भरलेस? टीप शीतयुद्धावर लिहिलीस की वसाहतवादावर? येथवर सारे ठीक चालते. परंतु बोलणे त्या एका प्रश्नावर येते, ज्याच्या डोक्यावर ‘तुमचे मत नोंदवा’ असे छापलेले असते, आणि मग एखादी मुलगी काळजीच्या स्वरात मैत्रिणीला विचारते, “माझे मत बरोबर आले का ग?” मैत्रीण सांगते, “गाइडात तर उलटे दिले आहे.” आणि पहिली कपाळाला हात लावते, “गेले माझे गुण!”

वाचकहो, हा संवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुमचे मत काय, असे जिला विचारले, तिने ते लिहिले. आणि बाहेर येताच ते बरोबर आहे की नाही, हे ती तिसऱ्याच्या छापील पुस्तकाला विचारते आहे! घराचा उतारा स्वतःच्या नावावर असताना घरात पाऊल टाकण्यासाठी शेजाऱ्याची परवानगी मागावी, त्यातलाच हा प्रकार आहे. हा दोष त्या मुलीचा नाही. तिला असे घडविणाऱ्या व्यवस्थेचा आहे, आणि त्या व्यवस्थेला मुकाट्याने मान डोलाविणाऱ्या तुमचा आमचाही आहे. त्या व्यवस्थेविरुद्ध हा लेख आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेपर सुटल्यावर उत्तरे ताडून पाहण्याच्या या सवयीवर अनेक वडीलधारे चिडतात. ‘झाले ते झाले, आता पुढच्या पेपराचे बघा’ असा त्यांचा उपदेश असतो. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. वर्षभर वर्गात इतिहास ऐकून घेतला जातो. तो आपसांत बोलला जातो तो केवळ या अर्ध्या तासात. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर घासून पाहणे, दोघांत अंतर पडले तर त्याचे कारण शोधणे, हीच तर इतिहाससंशोधनाची पहिली पायरी आहे. दोन साधने परस्परांशी ताडून पाहिल्यावाचून कोणताही इतिहासकार सत्याच्या जवळ जात नाही. मुलांनी उत्तरे ताडू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. ती अर्धवट ताडून थांबतात, हे आमचे दुःख आहे. ‘काय लिहिलेस’ एवढे विचारतात. ‘कशावरून लिहिलेस’ हे विचारीत नाहीत.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देणारी ही परीक्षा म्हणजे केवळ घोकंपट्टी आहे, ती मोडून टाका, असा सूर अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकांतून निघतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना परीक्षेच्या दाराशी कोणी अडविले नाही, त्यांना असे बोलणे परवडते. आपल्याला परवडत नाही. ज्या समाजाच्या मुलांना शाळेत बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागत होते, ज्यांना माठाला हात लावण्याची बंदी होती, त्या समाजाच्या मुलीची उत्तरपत्रिका आज कोणत्या गावच्या कोणत्या वस्तीतून आली हे परीक्षकाला ठाऊक नसते. तिच्यावर आडनाव नसते, बैठक क्रमांक असतो. तोंडी परीक्षेत चेहरा दिसतो, अंतर्गत गुण देताना आडनाव दिसते. लेखी परीक्षेत केवळ लेखन दिसते. हे थोडेथोडके संरक्षण नव्हे. त्या लिंबाखाली मातंगाचा मुलगा आणि पाटलाचा मुलगा एकाच कागदावर बोट ठेवून वाद घालतात, ही या देशाच्या इतिहासातील नवी गोष्ट आहे आणि ती मोलाची आहे.

मात्र ही समता घंटा वाजेपर्यंतचीच असते, हेही विसरता कामा नये. याच जिल्ह्यातील खर्डा गावी 28 एप्रिल 2014 रोजी एका शाळकरी दलित मुलाचा अमानुष खून झाला आणि 2017 साली नगरच्या न्यायालयातून त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. बैठक क्रमांकावर जात नसते. रस्त्यावर उतरताच ती पुन्हा अंगाला चिकटते. ज्या जिल्ह्यात असे घडते, त्या जिल्ह्यातील मुलांनी गुलामगिरीवर, समतेवर, मानवी हक्कांवर दुसऱ्याचे मत पाठ करून लिहावे आणि त्यालाच आपले मत समजावे, यासारखी शोकांतिका कोणती?

आता प्रश्नपत्रिकेच्या आशयाकडे वळू. बारावीच्या इतिहासात युरोपातील प्रबोधन आहे, वसाहतवाद आहे, दोन महायुद्धे आहेत, आशिया-आफ्रिकेचे निर्वसाहतीकरण आहे, शीतयुद्ध आहे. म्हणजे जगाचा इतिहास आहे. बहुतेक मुले तो परक्यांचा इतिहास म्हणून वाचतात. सनावळी पाठ करतात आणि पेपर होताच विसरून जातात. त्यांनी उत्तरे खरोखर ताडून पाहिली, तर काय दिसेल, याची तीन उदाहरणे आम्ही देतो.

पहिले उदाहरण समतेचे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी जगाला कोणी दिली? कोणत्याही मुलाला विचारा; फ्रेंच राज्यक्रांतीने, 1789 साली, असे उत्तर तत्काळ येईल आणि शेजारचा मान डोलावील. पण हे उत्तर आणखी एका साधनाशी ताडून पाहा. 26 ऑगस्ट 1789 रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य करणाऱ्या त्याच फ्रान्सच्या वसाहतींत काळ्या माणसांची गुलामगिरी चालूच राहिली. कॅरिबियन समुद्रातील सेंट-डोमिंगच्या गुलामांनी 1791 साली बंड पुकारले, तेव्हा कोठे 1794 साली फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. आणि 1802 साली नेपोलियनने ती पुन्हा लादली. अखेर 1 जानेवारी 1804 रोजी त्या गुलामांनी हैती हे आपले स्वतंत्र राष्ट्र उभे केले. मग समतेचा खरा अर्थ पॅरिसच्या सभागृहाने जगाला सांगितला, की उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांनी? त्यापुढे आणखी एक साधन ठेवा. 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरून केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी, आपण ही तीन तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे निःसंदिग्धपणे सांगितले. एका ओळीच्या उत्तरामागे केवढे मोठे प्रकरण दडलेले आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगितले काय? एक गुण देणारे उत्तर त्यांनी जरूर लिहावे; पण ते उत्तर म्हणजे इतिहासाचा शेवट आहे, असे त्यांनी मानू नये.

दुसरे उदाहरण गुलामगिरीचे. गुलामगिरी म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे अमेरिका येते, लिंकन येतो, 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा आणि 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती येते. हे बरोबरच आहे. पण जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. तेव्हा जगाचा इतिहास आणि आपल्या गावकुसाबाहेरचा इतिहास हे एकाच ग्रंथाचे दोन अध्याय आहेत, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, ते याच जाणिवेतून. मुंबईत 1972 साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, तेही याच जाणिवेतून. आणि नगरच्या मुलांना तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. ज्या निजामशाहीच्या नावाने या शहराची पहिली ओळख झाली, त्या निजामशाहीचा शेवटचा मोठा आधारस्तंभ मलिक अंबर हा आफ्रिकेतील हबशी होता. गुलाम म्हणून विकला जात जात तो दख्खनेत आला आणि 1626 साली मरण पावला तो मोगलांच्या फौजांना वर्षानुवर्षे झुलवणारा, जमीनमहसुलाची व्यवस्था लावून देणारा राज्याचा कारभारी म्हणून. ‘गुलामगिरी : तुमचे मत नोंदवा’ असा प्रश्न आला, तर नगरच्या किती मुलांच्या लेखणीतून मलिक अंबराचे नाव उतरते? गाइड सर्वांसाठी एकदाच छापले जाते; त्यात नगरची माती कोठून येणार?

याच मातीत अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार दृढ झाला आणि येथेच फरारबाईंच्या हाताखाली सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. याच शहराच्या किल्ल्यात बंदिवान असताना 1944 साली जवाहरलाल नेहरूंनी भारताच्या इतिहासाचा शोध घेणारा आपला ग्रंथ लिहिला. ज्या गावात इतिहास घडला आणि लिहिला गेला, त्या गावात तो केवळ पाठ केला जावा, हे त्या गावाचे दुर्दैव होय.

तिसरे उदाहरण महायुद्धाचे. पहिल्या महायुद्धाची कारणे, ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, व्हर्सायचा तह, एवढे मुले बिनचूक लिहितात. परंतु त्याच युद्धात भारतातील जर्मन नागरिकांना ब्रिटिश सरकारने नगरच्या छावणीत डांबून ठेवले होते, हे किती मुलांना ठाऊक असते? महारांची सैन्यभरती बंद करणाऱ्या त्याच सरकारला युद्धाची झळ लागताच 1917 साली महारांची 111 वी पलटण उभारावी लागली आणि गरज सरताच 1921 साली ती मोडण्यात आली, हे कोणत्या उत्तरात येते? दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा पुन्हा 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. संकट आले की शूर आणि संकट टळले की अस्पृश्य, ही साम्राज्याची नीती समजून घेण्यासाठी व्हर्सायपर्यंत जावे लागत नाही. आपल्याच वस्तीतील एखाद्या म्हाताऱ्याच्या ट्रंकेतील जुने पदक ते सांगू शकते. महायुद्धावरचे उत्तर ताडून पाहायचे तर ते त्या पदकाशीही ताडून पाहा!

येथे आमच्यातीलच काही शिकलेली मंडळी पुढे येऊन म्हणतील : “हे सारे भाषणात शोभते. पण परीक्षक आदर्श उत्तर समोर ठेवून गुण देतो. गरिबाच्या मुलाने स्वतःचे मत लिहिण्याचे धाडस का करावे? दोन गुण गेले तर त्याचा प्रवेश हुकेल. पाटलाच्या मुलाला जमीन आहे. आमच्या मुलाला गुणांखेरीज काय आहे?”

हा आक्षेप पोटतिडकीचा आहे आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे अन्यायाचे होईल. गुणांची किंमत आम्हांस कमी वाटत नाही. किंबहुना गुणांची खरी किंमत ज्यांना कळते त्यांच्यासाठीच आम्ही लिहीत आहोत. यास्तव गुणांच्याच हिशेबाने बोलू. जेथे घटना, व्यक्ती, साल विचारले आहे, तेथे पुस्तकातले उत्तर चोख पाठ असलेच पाहिजे. त्यात मताचा प्रश्न नाही. परंतु मत विचारणाऱ्या प्रश्नाचे स्वरूपच असे आहे की त्यात गुण मताला नसून मताच्या समर्थनाला आहेत. सहमत की असहमत, यावर गुण ठरत असतील, तर तो प्रश्न मताचा उरतच नाही. शिवाय बारावी ही शेवटची परीक्षा नव्हे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून जगाचा इतिहास समाविष्ट झाला आहे. औद्योगिक क्रांती, महायुद्धे, वसाहतवाद, साम्यवाद-भांडवलवाद यांवर तेथे स्वतःच्या शब्दांत, मुद्दे मांडून लिहावे लागते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी 2025 पासून वर्णनात्मक लेखनाची पद्धत स्वीकारली आहे. बारावीपर्यंत ज्याने एकही मत स्वतःचे म्हणून लिहिले नाही, तो तेथे काय लिहिणार? तेथे गाइडातील चार ओळी सर्वांच्याच पाठ असतात आणि म्हणूनच त्यांना काडीची किंमत नसते. आज दोन गुण वाचविण्यासाठी मुलाची लेखणी गहाण टाकणारा बाप उद्या त्याचे सारे आयुष्य गहाण टाकतो. सावकाराच्या दारी हे शहाणपण आपल्या वाडवडिलांनी पुरेसे भोगलेले आहे.

आणि परीक्षकाने खरोखरच अन्याय केला तर? तर रडत बसण्याचे कारण नाही. मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येते. एवढेच नव्हे, तर स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली विद्यार्थ्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2011 रोजी दिलेला आहे. म्हणजे लिंबाखाली सुरू झालेली पडताळणी थेट परीक्षकाच्या लाल शाईपर्यंत नेण्याचा हक्क आज प्रत्येक मुलाला आहे. आपल्या वस्त्यांतील किती पालकांना हा हक्क ठाऊक आहे? माहीत नसलेला हक्क आणि नसलेला हक्क यांत फारसे अंतर नसते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठी भाषेत ‘मत’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : मनातला विचार, आणि मतपेटीत टाकावयाचा कौल. आमच्या दृष्टीने हा निव्वळ शब्दांचा योगायोग नाही. 27 जानेवारी 1919 रोजी साउथबरो समितीपुढे उभे राहून अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू बाबासाहेबांनी मांडली. 1928 साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. ज्याला शिक्षण नाही, ज्याच्याकडे मालमत्ता नाही, त्याला मत कशाला, असे विचारणारे तेव्हा पुष्कळ होते. अखेर संविधानाच्या अनुच्छेद 326 ने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले, आणि 1989 पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरा वर्षांवर आले. बारावीच्या पेपरला बसणारी मुलगी त्या अठराच्या उंबरठ्यावर उभी असते. वर्ष-सहा महिन्यांत तिच्या बोटाला शाई लागणार आहे. प्रश्नपत्रिकेत ‘तुमचे मत नोंदवा’ असे वाचून जी दुसऱ्याचे मत नोंदविते, ती मतदानकेंद्रात जाऊन काय करील? तेथेही ती वस्तीच्या पुढाऱ्याला, गावच्या पाटलाला, रात्री पाकीट वाटणाऱ्या दलालाला विचारील, ‘माझे मत बरोबर आहे ना?’ आपल्याच मताला दुसऱ्याची मान्यता मागण्याची सवय वर्गात लागते आणि मतपेटीपर्यंत पोचते. जो हक्क मिळविण्यासाठी एका महापुरुषाने आयुष्य वेचले, तो हक्क छापील गाइडाच्या चार ओळींत विकला जात असेल, तर तो हक्क आपल्याकडून कोणी हिरावून घेतला, असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

केवळ ग्रंथात लिहिले आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. जेथे धर्मग्रंथालाही ही कसोटी लावायची, तेथे बाजारातल्या गाइडाची काय कथा?

तर मग करावयाचे काय? तीन गोष्टी सांगतो. त्यांपैकी एकीलाही सरकारी अनुदान लागत नाही. पहिली गोष्ट शिक्षकांसाठी. मत विचारणाऱ्या प्रश्नाचे एकच उत्तर फळ्यावर लिहून देणे त्यांनी आजपासून बंद करावे. वर्गातील दोन मुलांकडून दोन विरुद्ध मते लिहून घ्यावीत आणि दोहोंना समर्थनाच्या बळावर गुण द्यावेत. दुसरी गोष्ट परीक्षा मंडळासाठी. साधार मांडलेल्या कोणत्याही मताला पूर्ण गुण मिळतील, हे मंडळाने परीक्षकांना तर सांगावेच, पण विद्यार्थ्यांनाही जाहीरपणे सांगावे. कारण भीती परीक्षकाच्या मनात नाही, मुलांच्या मनात आहे. तिसरी गोष्ट आपल्यासाठी. विहारांत आणि वस्तीतील अभ्यासिकांत परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी इतिहासाची प्रश्नपत्रिका पुन्हा उघडावी. मुलांनी आपापली उत्तरे वाचून दाखवावीत. पाठ्यपुस्तक, फुले-आंबेडकरांचे ग्रंथ, गावातील वृद्धांच्या आठवणी, जे हाताशी असेल ते समोर ठेवावे. आणि प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारावा : कशावरून?

इतिहास घेऊन काय होणार, असे विचारून मुलांचा उत्साह मारणाऱ्यांना एवढेच सांगतो की, कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब अर्थशास्त्राबरोबर इतिहासही शिकले. विद्यार्थिदशेत परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्यांच्या कौतुकासाठी जी सभा भरली, तीत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. त्या परीक्षेचे गुण आज कोणाच्या लक्षात नाहीत. त्या पुस्तकाने काय घडविले, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. परीक्षा संपते तेथे इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, पुढल्या पेपरानंतर उत्तरे जरूर ताडून पाहा. कोणी रागावले तरी पाहा. सालात चूक निघाली तर दुरुस्त करा, नावात चूक निघाली तर मान्य करा. परंतु ‘तुमचे मत नोंदवा’ या प्रश्नाशी पोचलात म्हणजे गाइड मिटून ठेवा आणि मैत्रिणीला ‘माझे मत बरोबर आले का’ असे विचारू नका. ‘माझे मत हे आहे, याची कारणे ही आहेत, तुझे मत काय आणि ते कशावरून?’ असे विचारा. ज्या दिवशी नगरच्या एस.टी. थांब्यावर हा प्रश्न ऐकू येईल, त्या दिवशी मताचा अधिकार खऱ्या अर्थाने आपल्या हाती आला, असे समजावे.